सेहेचाळीस नंबरचा माग

आमच्या कॅरीच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढणारा निखिल हा पुण्याचा मुलगा. कंप्युटरवर काम करतो, बोलायला गोड. गणपतीत मला म्हणाला, "काका, यंदाचा अंक आपल्या नॉर्थ कॅरोलिनावर काढतोय. इथला इतिहास, इथले धंदे, इथली माणसं. तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "अरे, माझं शिक्षण चौथी. तुमच्यात पीएचडी पोत्यानं पडलेत, त्यांना सांग."

"काका, पण गिरणीत काम केलेलं त्यांच्यात कोणीच नाही ना."

हे मला पटलं. मग मी अट घातली, की मी लिहीन ते छापायचं, एक वाक्यही इकडचं तिकडे करायचं नाही. तो म्हणाला, "थोडं एडिट तरी?" मी म्हटलं, "हात लावून बघ." लेख द्यायला मी पंधरा दिवस उशीर केला, त्याचं कारण शेवटी येईल. निखिलनं चार वेळा फोन केले. मी उचलले नाहीत, कारण मला फोनवर ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं असतं तरी उचलले नसते.

तुम्ही मंडळी रोज सकाळी गाड्या काढून मोठ्या पार्कातल्या ऑफिसात जाता. औषधाच्या कंपन्या, कंप्युटरच्या कंपन्या. तुम्हाला वाटतं कॅरोलिना म्हणजे हेच. हे सगळं काल-परवाचं आहे. त्याच्या आधी इथं तंबाखू होती, लाकडी फर्निचर होतं, आणि कापड होतं. कॅरीपासून दीड तास पश्चिमेला गेलात की तांबडी माती लागते, आणि दर पाच-दहा मैलांवर एक विटांची लांबलचक इमारत. आता त्यांत भारी भाड्याचे फ्लॅट झालेत. भिंती तशाच उघड्या ठेवतात, म्हणे शोभा दिसते. त्यातल्या एका शोभेत मी अठरा वर्षं माग दुरुस्त केले.

मी मूळचा इचलकरंजीचा. वडिलांचे दोन माग होते, घरातच. चौथीत शाळा सोडली आणि मागावर बसलो. पुढं जॉबर झालो. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. विणकर माग चालवतो, धागा तुटला तर गाठ मारतो. माग स्वतःच बिघडला तर जॉबर. डॉक्टर नाडी बघतो तसा जॉबर चालत्या मागाच्या अंगावर तळहात ठेवतो आणि कान देतो. शंभर माग खडखडत असताना त्यातल्या एकाचा ठोका चुकतोय हे ज्याला कळतं, तो जॉबर. मला कळायचं. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण सांगणारे दुसरे आता कोणी राहिले नाहीत.

अमेरिकेत मी बायकोमुळं आलो. सुमन नर्स होती, मिरजेला शिकलेली. तिला त्या गिरणीच्या गावातल्या इस्पितळानं बोलावून घेतलं आणि मी नर्सबाईंचा नवरा म्हणून मागोमाग आलो. चार महिने घरात बसून होतो. भात करायचा, खिडकीतून बघायचं. एक दिवस चालत चालत गावाच्या टोकाला गेलो तर आवाज आला. तो आवाज मी झोपेत ओळखीन. आत शिरलो. कार्ल नावाचा उंच, गोरा फोरमन समोर आला. मला इंग्रजी येत नव्हतं. मी त्याला माझे हात दाखवले. त्यानं मला एका बंद पडलेल्या मागापाशी नेलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

तेव्हा तिथं धोट्याचे माग होते. धोटा म्हणजे होडीसारखा लाकडी तुकडा, आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडे धावतो. त्याला ठोसा मारणारा तुकडा झिजला होता. अर्ध्या तासात मी तो बदलला. मग चालवून दाखवायला म्हणून धोटा उचलला, त्याच्या भोकाला तोंड लावलं आणि श्वासानं धागा ओढून घेतला. इचलकरंजीत आम्ही तसाच ओवायचो. कार्ल असा ओरडला की मला वाटलं विजेचा धक्का बसला. त्यांच्याकडं ही रीत कधीच बंद झाली होती, तोंडातून रोग पसरतात म्हणून. त्यांचा धोटा हातानं ओवायचा असतो.

शेजारच्या मागावरची काळी बाई पोट धरून हसत होती. ती पुढं आली, माझ्या हातातून धोटा घेतला, बाहीला पुसला आणि कसा ओवायचा ते दाखवलं. तेवढ्यात तिच्या मागावर धागा तुटला. तिनं जी गाठ मारली ती बघून मी चकित झालो. माझ्या बापानं मला शिकवलेली तीच गाठ. मी पुढं होऊन दुसऱ्या तुटक्या धाग्याला तशीच गाठ मारली. तिनं माझ्याकडं बघितलं, कार्लकडं बघितलं, आणि मान हलवली. मला नोकरी मिळाली.

तिचं नाव मिस लुएला. इथली रीत अशी की बाईला पहिल्या नावानं हाक मारायची पण पुढं मिस लावायचं, म्हणजे आदरही राहतो आणि जवळीकही. मी झालो मिस्टर बाळू.

मिस लुएलाची आई आयुष्यभर या गिरणीच्या मालकाच्या घरी स्वयंपाक करायची. रोज गिरणीवरून चालत जायची, पण मागाला हात लावायची तिला मुभा नव्हती. काळ्या माणसानं आवार झाडायचं, गाठोडी उचलायची, विणायचं नाही. एकोणीसशे चौसष्टला कायदा बदलला, त्यानंतर विणकामाच्या खात्यात ज्या चार काळ्या मुली पहिल्यांदा घेतल्या त्यांतली ही एक. सहा महिने तिच्याशी कोणी बोललं नाही म्हणे. ती म्हणायची, "मिस्टर बाळू, बाकीच्यांना ही नोकरी आहे. मी हे माग मिळवलेत."

आता बोलण्याबद्दल सांगतो. विणकामाच्या खात्यात माणसाचा आवाज ऐकूच येत नाही. तिथं ओठांनी बोलतात. शब्द मोठे करून, तोंडानं आकार करून, आवाज न काढता. चाळीस फुटांवरून बायका एकमेकींच्या सुनांची निंदा करायच्या. मी इंग्रजी शिकलो ते असं, मिस लुएलाच्या ओठांवरून. त्यामुळं पहिली दोन वर्षं मी दुकानात जाऊन नुसतेच ओठ हलवायचो आणि काउंटरवरची मुलगी घाबरायची. सुमन म्हणायची, "अहो, आवाज काढा, आवाज!"

कार्ल सगळ्यांना कानात घालायला बोंडं द्यायचा. मी घातली नाहीत. कान बंद केले तर मागाचा ठोका कसा कळणार? कार्ल 'माझ्या जबाबदारीवर' असं माझ्याकडून लिहून घ्यायचा, सुमन भांडायची, मी ऐकलं नाही. आता खरोखरच ऐकत नाही. चूक माझी. हे मी पहिल्यांदाच कबूल करतोय, तेही लिहून.

पहिल्या वर्षी खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी माग पुजतात. मी डब्यात हळदकुंकू घेऊन गेलो आणि माझ्या वाट्याच्या मागांना बोटं ओढत सुटलो. कार्ल आला. त्याला वाटलं गंज सुटलाय. मग म्हणाला, पांढरं कापड आहे, डाग पडला तर थान वाया जाईल, पुस सगळं. त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी फडकं घेऊन पुसत होतो तेव्हा मिस लुएलानं खूण केली. तिच्या सेहेचाळीस नंबरच्या मागाच्या खालच्या पायाकडं बोट दाखवलं, जिथं कापड पोचत नाही.

"इथं लाव," ती ओठांनी म्हणाली. "आमच्या चर्चमध्ये माणसांना तेल लावून आशीर्वाद देतात. यंत्राला कोणी देत नाही. माझा हा माग आमच्या पाद्रीबाबापेक्षा जास्त काम करतो."

तेव्हापासून दर खंडेनवमीला तिच्या मागाच्या पायाला कुंकू. धोट्याचे माग जाऊन हवेच्या झोतानं धागा फेकणारे नवे माग आले, तरी नंबर तोच राहिला आणि कुंकूही. त्या दिवशी ती रताळ्याचा गोड पाय करून आणायची. पाय म्हणजे इथलं एक पक्वान्न, तव्याएवढं, कडेला पिठाची पारी आणि मध्ये रताळ्याचं सारण. सुमनला मी सांगितलं होतं, हा आमचा प्रसाद.

इथवर सगळं चांगलं आहे. लेख इथं संपवला असता तर बरं झालं असतं, पण मग ते खोटं झालं असतं.

गिरणीत ऑर्डरी कमी व्हायला लागल्या. शेजारच्या गावातली गिरणी मेक्सिकोला गेली, त्याच्या पलीकडची नुसतीच बंद झाली. बाहेरचं कापड स्वस्त यायला लागलं. कार्ल म्हणायचा, त्याच्या आजोबांच्या काळात माग उत्तरेतून आगगाडीनं इथं आले, कारण इथं मजुरी स्वस्त होती. तिकडची गावं तेव्हा रडली. "आता आपली पाळी," म्हणायचा.

एके दिवशी ऑफिसात बोलावलं. माग विकायचे ठरलेत, घेणारे भारतातून येणार आहेत, तुझ्या भाषेतले आहेत, तू त्यांना फिरवून दाखव. कोणाला सांगायचं नाही.

ते लोक आले तर काय, इचलकरंजीचे! त्यांतले आप्पासाहेब आमच्या गल्लीच्या पलीकडच्या गल्लीतले. त्यांच्या वडिलांनी सुताच्या उधारीसाठी माझ्या वडिलांना एकदा चालत्या मागावरून उठवलं होतं. तो माणूस माझ्यापुढं हात जोडून उभा, "बाळू, लेका, तू इथं साहेब झालास की!" काय सांगू, माझी छाती फुगली. मी त्यांना खात्यात मोठमोठ्यानं मराठीत सांगत फिरलो. मग म्हटलं, यांना उत्तम माग आणि उत्तम विणकर दाखवू. त्यांना सेहेचाळीस नंबरपाशी नेलं.

मिस लुएलाला मी म्हणालो, "माझ्या गावचे पाहुणे आहेत. त्यांना दाखवा ना."

तिनं सकाळभर दाखवलं. माग कुठं अडतो, कुठं थोपटावं लागतं, धागा कोणत्या बाजूनं तुटतो, सगळं. चौतीस वर्षांत हातात आलेलं सगळं तिनं माझ्या पाहुण्यांना देऊन टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी रताळ्याचा पाय घेऊन आली, तिच्या आईच्या काचेच्या भांड्यात. "तुझ्या माणसांना खिलव," म्हणाली.

आठवड्यानं दारावर नोटीस लागली. गिरणी बंद, माग भारतात.

मी तिच्याकडं गेलो. तोंड उघडून ओठ हलवणार, तेवढ्यात तिनं तोंड फिरवलं. तुम्ही लोक म्हणता तोंड फिरवलं म्हणजे राग आला. आमच्या खात्यात तोंड फिरवलं की बोलणंच खुंटतं. समोरचा ओठ हलवत राहतो आणि त्याचा एकही शब्द कुठंच पोचत नाही. शेवटचे तीन आठवडे मी तिच्या पाठीशी बोललो.

बाकी सगळे घरी गेले आणि मला तीन महिने ठेवून घेतलं, माग सुटे करून पेट्यांत भरायला. सेहेचाळीस नंबर मी स्वतः भरला. पायावरचं कुंकू पुसलं नाही.

सुमन म्हणाली, "तुम्ही चुकलात. जाऊन सांगा तिला."

"सांगून माग परत येणार आहेत का? आणि ऑफिसनं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं."

"ऑफिसनं तिला दाखवायला लावा म्हणून सांगितलं होतं का?"

मी नुसताच चिडलो. काचेचं भांडं आमच्याकडंच राहिलं. सुमन ते दर दिवाळीला घासून वर ठेवायची. "कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये. काय घालून देणार ते ठरवा आणि द्या," असं म्हणायची. मी वीस वर्षं ठरवलं नाही. चार वर्षांपूर्वी सुमन गेली. तिच्यानंतर पहिल्या दिवाळीला ते भांडं मी घासलं.

गेल्या हिवाळ्यात पुतण्याच्या लग्नाला इचलकरंजीला गेलो. न राहवून आप्पासाहेबांच्या कारखान्यात गेलो. आप्पासाहेब वारले, मुलं बघतात. दारात बघतो तर माझे माग उघड्यावर एकावर एक रचलेले. तानाजी नावाचा विणकर तिथं बिडी ओढत होता.

"हे काय रे?"

"भंगारात चाललेत काका. चायनाचे नवीन आलेत. आता मलाच त्याच्यावर घेतील का नाही, बघायचं."

मी वाकून वाकून नंबर बघत फिरलो. तो म्हणाला, "काय शोधताय?" मी म्हटलं, "सेहेचाळीस."

"त्यो माझा माग!" तो उठून उभाच राहिला. "लई गुणी माग, काका. वीस वर्षं पोटाला घातलं त्यानं."

त्यानंच दाखवला. खालच्या पायावर कुंकवाचा थर, बोटाएवढा जाड. "आला तेव्हाच पायाला कुंकू होतं," तानाजी म्हणाला. "म्हणून आम्हीपण दर खंडेनवमीला तिथंच लावायचो. का ते ठाऊक नाही." मी सांगितलं नाही. पाना आहे का विचारलं. त्यानं तो आणून दिला आणि मी नंबराचा पितळी बिल्ला काढून घेतला.

परत आल्यावर नातीला, ईशाला म्हटलं, मला एका ठिकाणी सोड. ती म्हणाली, "आजोबा, सीरियसली? ट्वेंटी इयर्स? फोन नाही केला?" मी म्हटलं, गाडी चालव.

बेसनाचे लाडू मी स्वतः वळले. ते फुटत होते. काचेच्या भांड्यात लाडू ठेवले आणि वर बिल्ला.

मिस लुएला अजून गिरणीच्या वसाहतीतल्या तिच्या जुन्या लहान घरात राहते. व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती, समोर चालायचा चौपायी वॉकर. केस पांढरे. मी पायऱ्या चढलो. तिनं मला ओळखलं आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं.

मी भांडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं आईचं भांडं हातांनी चाचपलं. मग बिल्ला उचलला. अंगठ्यानं आकडे घासले, एकदा, दोनदा. आणि तोंड माझ्याकडं केलं.

आम्हाला आवाज लागत नाही. मी ओठांनी म्हणालो, "मला ठाऊक होतं. तुम्हाला दाखवायला लावलं तेव्हा मला ठाऊक होतं."

"तुला ठाऊक होतं हे मला ठाऊक आहे," ती ओठांनी म्हणाली. "तू येऊन सांगशील म्हणून वाट बघितली. कार्लच्या मयताला वाट बघितली. वीस वर्षं, मिस्टर बाळू! गाढवसुद्धा याच्या आधी येतं."

"मी आलो नाही."

"ते दिसलं मला."

मग तिनं बिल्ला उलटासुलटा करून बघितला. माग आता कुठं आहे असं ती विचारेल, याची मला भीती वाटत होती. प्रश्न आला तो असा: "तिकडं त्याला लाल रंग लावायचे का?"

"दर वर्षी. त्याच पायाला. बोटाएवढा थर होता."

"कोण चालवायचा?"

"तानाजी. म्हणाला, लई गुणी माग." हे मी मराठीतच म्हणालो, पण तिला कळलं. ती हसली, पहिल्या दिवशी धोटा बघून हसली होती तशी, पोट धरून. मग डोळे पुसले आणि तोंडात लाडू टाकला. "हे कोणी केलं? फार वाईट झालंय," म्हणाली, आणि दुसरा घेतला.

ईशा पायरीवर बसून आमच्याकडं टकामका बघत होती. दोन म्हातारी माणसं, आवाज नाही, नुसते ओठ आणि हात. "आजोबा, आर यू गाईज फायटिंग?"

मी म्हटलं, "हो. मध्ये बोलू नको."

आता उशीर का केला ते. निखिल, तुझी तारीख खंडेनवमीच्या आधी होती. मला खंडेनवमी होऊ द्यायची होती. त्या दिवशी सकाळी हळदकुंकवाचा डबा घेऊन ईशाबरोबर गेलो. घरात रताळ्याच्या पायाचा वास होता. मी मिस लुएलाला म्हटलं, बिल्ला द्या, त्याला कुंकू लावतो.

तिनं मान हलवली. बिल्ला भिंतीवर लावला होता, तिच्या आईच्या फोटोखाली. "तो आता रिटायर झाला," म्हणाली. मग समोरचा वॉकर माझ्याकडं ढकलला आणि त्याच्या खालच्या पायाकडं बोट दाखवलं.

"हल्ली मी याच्यावर काम करते. इथं लाव."

गुडघे दुखतात, पण मी खाली बसलो आणि लावलं.